"काळे-पांढरे रीडर भंगारात टाका" म्हणे! जरा थांबा

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड मला चार ठिकाणांहून आला. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग वाचनवाल्यांच्या, मग ऑफिसच्या, आणि रविवारी सकाळी सहाला गावाहून मोठ्या काकांकडून, गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली चिकटून. विषय रंगीत टचस्क्रीनचे ई-बुक रीडर. सारांश असा की रंग अगदी छापील मासिकासारखे दिसतात, डोळ्यांना त्रास शून्य कारण ब्लू लाइटच नाही, एकदा चार्ज केलं की दोन महिने बघायला नको, टच आहे त्यामुळे पोरांचा टॅबलेट काढून घ्या आणि हेच हातात द्या, मराठी पुस्तकं, दिवाळी अंक सगळं मस्त चालतं, आणि शेवटी हसणाऱ्या इमोजीसकट, काळे-पांढरे रीडर म्हणजे आता डबडी, कंपन्या ते बंदच करतायत, घेणारा वेडा.

सोसायटीच्या ग्रुपवर त्या मेसेजखाली तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "दोन मागवतोय." म्हणून मी लिहायला बसलो. माझ्याकडे असला सात इंची कलर रीडर दीड वर्ष आहे, त्याच्या आधीचा काळा-पांढरा पण अजून चालू आहे, आणि रोजचं लोकलने ठाणे-वाशी असल्यामुळे वाचायला वेळही मिळतो. वस्तू चांगली आहे हो. पण या मेसेजमधलं निम्मं थापा आहे आणि उरलेलं अर्धवट.

आधी रंगांचं, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. आत्ता बाजारात जे कलर रीडर आहेत त्यातले बहुतेक, म्हणजे अ‍ॅमेझॉनचा किंडल कलरसॉफ्ट घ्या, कोबो कंपनीचा लिब्रा कलर घ्या, सगळ्यांच्या पोटात ई-इंकचं, म्हणजे कागदासारखे पडदे बनवणाऱ्या कंपनीचं, कॅलिडो ३ घराण्यातलं पॅनल. आणि त्या पॅनलच्या पोटात काय, तर तोच जुना काळा-पांढरा ई-इंक. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कॅप्सूल, प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण, विजेचा दाब दिला की एक रंग वर येतो दुसरा खाली जातो. यात रंग कुठेच नाहीये! रंगासाठी त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या चौकटींची एक जाळी ताणलेली असते, रंगीत काचांच्या खिडकीसारखी. मागचा ठिपका पांढरा केला की पुढची काच दिसते, काळा केला की ती विझते, बस एवढंच.

आता याचा हिशोब बघा. काळी अक्षरं एका इंचात ३०० ठिपक्यांची, पण रंगीत चित्र १५० चं. अर्धं म्हणजे फार नाही असं वाटतं, पण ते आडवंही अर्धं आणि उभंही अर्धं, म्हणजे तेवढ्याच जागेत चौथाई ठिपके. आणि रंग किती, तर ४०९६. लाल, हिरवा, निळा प्रत्येकी सोळा छटा, सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, संपला विषय. तुमच्या हातातला साधा फोन १ कोटी ६७ लाख रंग दाखवतो. तर "छापील मासिकासारखे" हे कुठल्या मासिकाबद्दल म्हणतायत देव जाणे, मला तर उन्हात महिनाभर खिडकीत राहिलेलं मासिक आठवतं.

मी हा कलरवाला घेतला तेव्हा मनात होती लेकीची भूगोलाची पुस्तकं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, म्हटलं नकाशे रंगीत दिसतील. दिसतात. समुद्र निळा दिसतो, मैदानं हिरवी दिसतात, पण डोंगराचा फिका तपकिरी आणि पठाराचा पिवळट एकमेकांत असे मिसळतात की सह्याद्री कुठे संपला ते लेकीला विचारावं लागतं. त्यात मूळ पान केवढं मोठं, स्क्रीन सात इंच, दोन बोटांनी मोठं करायचं, मग चित्र आधी करडं होतं, मग झटका मारून रंगीत होतं, आणि आधीच्या पानाची पुसट भुतं कोपऱ्यात राहतातच. पोरीने दोन दिवस वापरलं आणि "बाबा, कागदी पुस्तकच दे ना" म्हणून मोकळी झाली.

पण याच्या उलटही सांगायला पाहिजे, नाहीतर मी पण फॉरवर्डवाल्यासारखाच. ऑफिसचे रिपोर्ट मी यावर वाचतो, त्यात आलेख असतात, तीन रेषा, एक लाल एक हिरवी एक निळी. काळ्या-पांढऱ्यावर तिन्ही करड्या! कुठली कुठली ते कळायला मार्ग नाही. इथे फिक्या का होईना पण वेगळ्या दिसतात आणि काम होतं. वाचताना वाक्यं रंगवायची सवय असेल, पिवळा म्हणजे महत्त्वाचं, गुलाबी म्हणजे शंका असं काही, तर त्यालाही मजा आहे. आणि उन्हात, बघा, ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर पत्र्याच्या बाहेर उभं राहून दुपारी दोनच्या उन्हात हे उघडा, शेजारच्याचा टॅबलेट आरसा झालेला असतो, त्याला स्वतःचं तोंड दिसतं, आणि आपले रंग उलट खुलतात. कारण हा पडदा बाहेरच्या उजेडावर जगतो, जितका जास्त तितकं बरं.

आणि इथेच खरी मेख आहे जी त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. उन्हात खुलतो, मग घरी ट्यूबलाइटखाली काय? घरी तो मळका दिसतो. ती जाळी आहे ना, लाल काच फक्त लाल उजेड सोडते, बाकीचा गिळते, हिरवी निळी तसंच. म्हणजे पान पूर्ण पांढरं दाखवायचं असलं तरी आलेल्या उजेडातला बराचसा जाळीतच अडकतो आणि पांढऱ्याचं होतं करडं. आणि हे चित्र नसलेल्या पानावरही होतं बरं का, जाळी काढून ठेवता येत नाही! नुसती कादंबरी वाचताय, एकही रंग नाही, तरी रंगाचा भाडेकरू घरात बसलेला आहे आणि उजेडाचं बिल तुम्ही भरताय. त्यामुळे काळ्या-पांढऱ्यावर मी दिवसा लाइट बंदच ठेवायचो, कलरवर दिवसासुद्धा लावावा लागतो.

आता मराठीत हे जास्त जाणवतं असं माझं प्रामाणिक मत आहे. आपला सगळा संसार रेषेच्या वर आणि खाली. रफार, वेलांटी, अनुस्वार, खालचा उकार. "त्याचा" आणि "त्यांचा" यात फरक किती, एक टिंब, आणि त्या एका टिंबावर माणसाचा मान. संध्याकाळच्या गाडीत, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून, डब्यातल्या त्या दिव्याखाली करड्या पानावर ते टिंब शोधत बसायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला विचारा. ठिपके काळ्या अक्षराला ३०० च आहेत, तक्रार त्याची नाही, तक्रार आहे पाठीमागचं पान उजळ नसल्याची. मी शेवटी जरा जाड वजनाचा देवनागरी फॉन्ट टाकला, तेव्हा कुठे बरं वाटलं.

डोळ्यांचं. "ब्लू लाइटच नाही." अहो आहे. या रीडरचा दिवा पाठीमागे नसतो, कडेला एलईडी असतात आणि उजेड पानावर पडून उलटा डोळ्यांकडे येतो, त्यामुळे फोनसारखा थेट तोंडावर मारा होत नाही हे खरं आणि मला त्याने बरं वाटतं हेही खरं. पण पांढरा एलईडी म्हटला की त्यात निळा आलाच. उबदार पिवळट लाइट केलात की कमी होतो, शून्य होतो फक्त दिवा बंद केल्यावर. आणि मुळात निळ्याची एवढी भीती कशाला? अमेरिकेतली डोळ्यांच्या डॉक्टरांची मोठी संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी, कधीपासून सांगतेय की स्क्रीनच्या निळ्या उजेडाने डोळे बिघडतात याला पुरावा नाही, डोळे दुखतात ते आपण टक लावून बसतो आणि पापण्या कमी मिटतो म्हणून. ते कागदाच्या पुस्तकानेही होतं.

बॅटरीचं थोडक्यात. दोन महिने हा आकडा खोटा नाही, त्याच्या खालची बारीक अक्षरं गाळलीत. अ‍ॅमेझॉन कलरसॉफ्टला ८ आठवडे म्हणतं, पण रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद आणि लाइट १३ वर धरून. गुणाकार करा, २८ तास झाले. तसाच हिशोब लावून त्यांच्याच काळ्या-पांढऱ्या पेपरव्हाइटला ते १२ आठवडे म्हणतात. आणि वर सांगितलं तसं कलरवर लाइट जास्त लागतो. माझा मी साधारण दहा-बारा दिवसांनी लावतो चार्जिंगला. फोनच्या मानाने चैनच आहे, पण दोन महिने वगैरे नाही.

टच. इथे मला खरंच राग येतो कारण हे कुणीतरी गाडीत उभं न राहता लिहिलंय. एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात रीडर, अंगठा जरा सरकला की दोन पानं पुढे. आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. या यंत्रांवर वॉटरप्रूफचा शिक्का असतो, दोन मीटर पाण्यात तासभर वगैरे, ते यंत्र जिवंत राहण्याबद्दल आहे, चालण्याबद्दल नाही! काचेवर थेंब पडला की स्क्रीनला ते बोटच वाटतं. जुलैत ऐरोलीला दार उघडलं, फवारा आत आला, आणि माझं पुस्तक आपलं आपण पाच पानं पुढे जाऊन एक वाक्य अधोरेखित करून बसलं. तेव्हा कडेला पान उलटायची बटणं असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या, आणि टच तात्पुरता बंद करायची सोय आहे का ते आधी बघा.

टॅबलेटच्या जागी तर विसराच. व्हिडिओ, गेम, व्हॉट्सअ‍ॅप यातलं काही नीट होत नाही, पान बदलताना झटका येणारच. जाळी न लावता रंगीत कणच वापरणारा प्रकारही आहे, ई-इंकचा गॅलरी ३, २०२४ च्या रिमार्केबल पेपर प्रो या लिहायच्या-वाचायच्या यंत्रात त्याच घराण्याचं पॅनल आहे, पण त्यात चांगला रंग उमटायला दीड सेकंदापर्यंत लागू शकतो. तेवढ्यात आमची पोरगी तीन रील बघून होते.

मराठी पुस्तकांचं म्हणाल तर किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मराठी अधिकृत आहे, आणि ती पुस्तकं काळ्या-पांढऱ्यावर जशी चालतात तशीच कलरवर चालतात, मुखपृष्ठ रंगीत दिसतं एवढाच फरक. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रतींना मुळात रंगच नाही. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफमधला मजकूर वेगळा काढून, नव्याने मांडून मोठ्या अक्षरात वाचायला गेलात की ग्रीक का कोरियन कळणार नाही असा कचरा येतो, त्याला कुठलाच रीडर काही करू शकत नाही. आणि दिवाळी अंक! दोन-दोन कॉलम, कोपऱ्यात कविता, मध्ये सोनाराची जाहिरात, हे सात इंचावर? ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय उभं आहे आणि आपण चिमटे काढत स्क्रीन मोठी करत बसायचं?

राहिलं "कंपन्या बंद करतायत." एप्रिल २०२४ मध्ये कोबोने क्लारा कलर आणला तेव्हा त्याच्या जोडीला क्लारा बीडब्ल्यू म्हणून नवा काळा-पांढराही आणला. त्याच ऑक्टोबरात अ‍ॅमेझॉनने कलरसॉफ्ट दाखवला तो नव्या पेपरव्हाइटच्या शेजारी उभा करूनच. याला बंद करणं म्हणतात? आणि आले तेव्हाच्या अमेरिकेतल्या किमती बघा, कोबोच्या जोडीत फरक वीस डॉलरचा, पण पेपरव्हाइट १६० आणि कलरसॉफ्ट २८०, सरळ एकशेवीसचा. आलेख, कॉमिक्स, रंगीत खुणा यातलं काही लागत असेल तर द्या की. नुसत्या कादंबऱ्या वाचायच्या आणि वर करडं पान विकत घ्यायचं, ते कशासाठी?

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना मी हे सगळं टाइप करून पाठवलं नाही, शनिवारी संध्याकाळी घरी बोलावलं आणि दोन्ही यंत्रं टेबलावर ट्यूबलाइटखाली शेजारी शेजारी ठेवली, एकच पुस्तक, एकच पान. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, कलरवाल्याच्या काचेवरून रुमाल फिरवला, परत बघितलं आणि म्हणाले, "हे पुसलं जात नाहीये रे." म्हणजे काकांचं ठरलं, काळा-पांढरा, एकच. पण काकूही आल्या होत्या सोबत, त्यांनी फोनमधलं रांगोळ्यांचं पीडीएफ कलरवर टाकायला लावलं, दहा मिनिटं न बोलता पानं उलटत बसल्या, आणि आता त्या घरात दोन यंत्रं येणार की एक, आणि एक तर कुठलं, यावर गेले चार दिवस चर्चा चालू आहे.