खरा काळा आणि माझी पांढरी पानं

स्वस्त मॉनिटरमध्ये काही खोट निघाली की आपण म्हणतो, 'किमतीच्या मानाने बरा आहे.' लाखाच्या घरातल्या मॉनिटरला ही पळवाट नाही. त्याच्या प्रत्येक दोषाला भारदस्त नाव असतं, त्यावर तासाभराचा व्हिडिओ असतो आणि तो पाहिल्याशिवाय झोप येत नाही. त्यातून मी पडलो मुद्रितशोधक. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारा माणूस मॉनिटर घेताना डोळे मिटून थोडाच घेणार?

ओएलईडीपासून सुरुवात केली. याचा काळा म्हणजे खरा काळा, कारण यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. ऐकायला फार छान. पण एकच चित्र तासन्‌तास एका जागी राहिलं तर तिथले ठिपके लवकर थकतात आणि कायमचा डाग पडतो. बर्न-इन म्हणतात त्याला. म्हणून जाणकारांचे सल्ले असे: टास्कबार लपवा, आयकॉन काढून टाका, वॉलपेपर काळा ठेवा, जागेवरून उठताना स्क्रीन बंद करा. म्हणजे एवढे पैसे मोजून स्क्रीन आणायची आणि तिच्यावर काही दिसू द्यायचं नाही. शिवाय चारेक तास काम झालं की बरीच मॉडेलं पिक्सेल रिफ्रेशच्या नावाखाली काही मिनिटं पडी टाकतात. या बाबतीत ती पुण्यात लगेच रुळतील, हे मान्य.

माझं काम नेमकं पांढऱ्या पानांचं. जाहिरातीतले १००० निट्स (निट म्हणजे उजेडाचं माप) असतात ते स्क्रीनच्या एखाद्या तुकड्यापुरते, चांदणी नाहीतर दिव्याची ज्योत दाखवायला. अख्खी स्क्रीन पांढरी झाली की वीज आणि उष्णता आवरायला मॉनिटर हात आखडतो आणि बऱ्याचदा २५०च्या आसपास येऊन बसतो.

त्यात क्यूडी-ओएलईडी या ओएलईडीच्याच एका प्रकाराची आणखी एक तऱ्हा. याच्या बऱ्याच पॅनेलांत प्रत्येक ठिपक्यातला हिरवा भाग वर आणि लाल-निळा खाली, अशी त्रिकोणी मांडणी असते. त्यामुळे आडव्या रेघेच्या एका अंगाला हिरवट आणि दुसऱ्या अंगाला गुलाबी झाक येते. इंग्रजी वाचणारे यावर कुरकुरतात, पण त्यांना आडव्या रेघा मोजक्याच अक्षरांना. आमची अख्खी लिपी शिरोरेखेला लटकलेली! पानभर मजकूर पैठणी नेसल्यासारखा काठासकट समोर येणार आणि मी त्यात हरवलेले अनुस्वार शोधणार.

बरं, याच पॅनेलांना पोलरायझर, म्हणजे बाहेरून पडणारा उजेड गिळणारा थर, नसतो. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटला पश्चिमेची खिडकी. दुपारी ऊन आत आलं की तो खरा काळा जांभळट राखाडी होणार. यावर उपाय पडद्याचा. पण पडदा ओढला की आई विचारते, "दिवसाढवळ्या अंधार कशाला केलायस?" तिला पोलरायझर समजावून सांगण्यापेक्षा दुसरं पॅनेल शोधणं सोपं.

मिनी-एलईडीला डागाची भीती नाही. यात उजेड मागच्या दिव्यांचा, आणि ते झोनझोनने लागतात-विझतात. एका मॉडेलच्या पाठीमागे असे ११५२ झोन होते. ऐकून छाती दडपते. पण ४के स्क्रीनवर ठिपके जवळजवळ ८३ लाख, म्हणजे एका झोनच्या वाट्याला ७२०० आले. परिणामी काळ्या स्क्रीनवर माऊसचा बाण तेजोवलयासकट फिरतो. एवढं पावित्र्य मला माऊसकडून नको होतं.

४९ इंची अल्ट्रावाइडचा विषय टेप लावल्याबरोबर संपला. रुंदी सुमारे चार फूट! एवढ्या जागेत सदाशिव पेठेत लोक दुकान थाटतात. आणि २४० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला २४० वेळा चित्र बदलण्याचं म्हणाल, तर माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपचं मॉनिटर जोडायचं पोर्ट जुनं एचडीएमआय १.४, ४के चित्र त्याला सेकंदाला ३० वेळाच झेपतं.

शेवटी तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानात गेलो. ओएलईडीवर काळ्याभोर पाण्यात जेलीफिश पोहत होते. दुकानात नेहमी जेलीफिशच का, तर जेलीफिशला शिरोरेखा नसते.

"काका, जरा वर्डचं पान उघडून मराठीत काही टाइप करता?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि दोन बोटांनी टाइप केलं, 'घेणार का'. मी स्क्रीनला नाक लावून पाहिलं. शिरोरेखेला गुलाबी झाक होतीच.

"शेवटी प्रश्नचिन्ह राहिलंय," मी म्हणालो.

"तुम्हाला मॉनिटर घ्यायचाय की नापास करायचाय?" काका म्हणाले. त्यांनी जेलीफिश परत सोडले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मग साधा २७ इंची ४के आयपीएस घेतला, ६० हर्ट्झचा. यात मागचा दिवा सतत चालू, म्हणून याचा काळा राखाडी असतो, पण मला काळ्याशी काम कुठे? अक्षर मात्र स्वच्छ, रेघ न्‌ रेघ जागेवर. तरी रात्री राहवेना. घरातले सगळे दिवे मालवले, स्क्रीनवर काळं चित्र लावलं आणि कुठून उजेड फुटतोय का ते बघत बसलो. फुटत होता, खालच्या डाव्या कोपऱ्यातून. बायकोला झोपेतून उठवून दाखवला.

तिने भिंतीवरचं बटण दाबून ट्यूब लावली आणि म्हणाली, "गेला बघ."