‘दत्तक मुलाला थेरपी कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

काका, दत्तक मूल आणि आई यांच्यात जवळीक वाढवणाऱ्या थेरपीवर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही विचारता, असल्याच थेरपीत अमेरिकेत एक दत्तक मुलगी जिवानिशी गेली, मग मी या थेरपीची बाजू का घेते? आणि तुमच्या काकूंनी दिराचा मुलगा दत्तक घेऊन पोटच्या पोरासारखा वाढवला, त्यांना कुठे थेरपी लागली?

मुलीचं खरं आहे. एप्रिल २००० मध्ये कोलोरॅडोत १० वर्षांच्या त्या मुलीला चादरीत गुंडाळून, वर उशा ठेवून मोठ्या माणसांनी दाबून धरलं. म्हणे त्यातून तिचा ‘पुनर्जन्म’ होईल आणि ती दत्तक आईला आपलं मानेल. श्वास घेता येत नाही, असं ती सांगत होती. पुढच्या वर्षी दोघी थेरपिस्टना १६ वर्षांची शिक्षा झाली आणि त्या राज्याने हा प्रकार कायद्याने बंद केला. मुलाला दाबून धरायला कुणी सांगितलं, तर मूल उचला आणि तिथून निघा. हे मी लेखातच लिहायला हवं होतं, राहून गेलं.

मी लिहिलं होतं ते व्हिडिओ दाखवून करायच्या पद्धतीबद्दल. नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी ती दत्तक कुटुंबांसोबतही वापरून पाहिली आहे. आई-मूल घरात नेहमीसारखे खेळत असताना चित्रीकरण करतात आणि नंतर ते आईला थांबवत थांबवत दाखवतात. शिकायचं असतं ते आईने.

आमची लेक आली तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. पडली तरी रडायची नाही. सगळे म्हणायचे, किती शहाणी! समुपदेशक ताईंनी एक तुकडा दाखवला. ती स्टुलावरून घसरते, उठते आणि माझ्याकडे बघते. जेमतेम एक सेकंद. मी कुकरचं झाकण लावतेय. ती मान वळवते आणि चमच्यांशी खेळायला लागते. तिसऱ्यांदा बघताना मला रडू आवरेना. रडून कुणी येत नाही, हे ती संस्थेतून शिकून आली होती. तिथल्या मावशींना तरी काय बोलणार, एकीच्या वाट्याला इतकी बाळं.

मग ती रडली नाही तरी मी हातातलं टाकून जायचे, गुडघा चोळायचे, “लागलं ना गं बाळाला” म्हणायचे. चारेक महिन्यांनी दारात बोट सापडलं, तेव्हा ती भोकाड पसरून थेट माझ्याकडे धावली. बोट सुजलं होतं आणि मला मात्र आनंद झाला होता.

काकूंच्या मायेबद्दल शंकाच नाही. पण त्यांच्या पुतण्याला ते घर, ते आवाज, काकूंच्या पदराचा वास आधीपासून ओळखीचा होता. माझ्या लेकीला आमच्याकडची फोडणीसुद्धा नवी होती.

तुमच्या सूनबाईंनी ‘कारा’कडे, म्हणजे दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, नाव नोंदवलंय, असं तुम्ही लिहिलंय. मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणीसाठी भेट होते. तेव्हा नुसतं “सगळं छान” म्हणू नका, असं सूनबाईंना सांगा. मूल पडलं की कुणाकडे बघतं, तेही भेटीला येणाऱ्यांच्या कानावर घालायला सांगा.