साटमांनी आयुष्यभर एकच भूमिका केली?

शिवाजी साटमांबद्दल एक मजकूर दर काही महिन्यांनी मोबाइलवर येतो. शब्द थोडेफार बदलतात, म्हणणं तेच: बँकेतला माणूस नशिबाने टीव्हीवर आला, ‘सीआयडी’ या पोलीसमालिकेत वीस वर्षं एसीपी प्रद्युम्नची एकच भूमिका केली, तीही बोटं फिरवत ‘कुछ तो गड़बड़ है’ म्हणण्यापुरती, आणि नायक होण्याची कुवत नव्हती म्हणून चरित्र अभिनेताच राहिला. शेकडो लोक हे पुढे पाठवतात. मला ते दरवेळी लागतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

बँकेपासूनच सुरुवात करू. साटम सेंट्रल बँकेत नोकरीला होते, हे खरं. पण त्या काळच्या मुंबईत बँकेची नोकरी आणि नाटक यांच्यात भिंत नव्हतीच. दिवसभर कॅश जुळवायची, संध्याकाळी तालमीला पळायचं, आणि आंतरबँक नाट्यस्पर्धेत आपल्या बँकेसाठी जीव तोडून उभं राहायचं, असं कित्येकांचं आयुष्य होतं. त्या वर्तुळातूनच अभिनेते बाळ धुरींनी साटमांना हेरलं आणि ‘संगीत वरद’ या नाटकात संधी दिली. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते, डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन. त्यांच्या बाबतीत कोणी ‘नशीब’ म्हणत नाही. पोटाची सोय करून, उरलेल्या वेळात वर्षानुवर्षं रंगभूमीवर घासून घेणं याला मराठीत मेहनत म्हणतात.

‘एकच भूमिका’ हे तर सरळ चूक आहे. ‘सीआयडी’ जानेवारी १९९८मध्ये सुरू झाली तेव्हा साटम सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी नाटकं होती, दूरदर्शन होतं, आणि ‘सीआयडी’ करणाऱ्या बी. पी. सिंगांचीच मराठी पोलीसमालिका ‘एक शून्य शून्य’ होती. ‘सीआयडी’ ऐन भरात असताना १९९९मध्ये ‘वास्तव’ आला. मुलगा डोळ्यांदेखत हातचा जातो आणि बाप घरात बसून बघत राहतो. रीमा लागूंच्या शेजारी तो बाप साटमांनी उभा केला. २००१च्या ‘नायक’मध्ये ते राणी मुखर्जीचे वडील. ‘दे धक्का’तले आजोबा तर घराघरात पाठ आहेत.

आता ती बोटं. वीस वर्षांत दीड हजारांहून अधिक भाग झाले. तेवढा काळ एकच माणूस पडद्यावर खरा वाटत ठेवणं किती कठीण आहे, याचा विचार हा मजकूर लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. एकदा नीट बघा. एसीपी प्रद्युम्न गुन्ह्याच्या जागी येतो तेव्हा साटम लगेच बोलत नाहीत. आधी नजर खोलीभर फिरते, मान किंचित तिरकी होते, मग हात वर येतो, बोटं हवेत काहीतरी चाचपल्यासारखी वळतात आणि त्यानंतर वाक्य येतं. शंका आधी शरीरात दिसते, शब्द मागून येतात. ही नाटकवाल्याची शिस्त आहे. वाक्याचा विनोद लोकांनी नंतर केला. याच प्रद्युम्नला स्वतःच्या मुलावर, नकुलवर, गोळी झाडावी लागते. ते बघितल्यावर ‘बोटं फिरवण्यापुरती भूमिका’ असं कोणी म्हणू शकेल, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. ७ नोव्हेंबर २००४ला या मालिकेचा १११ मिनिटांचा भाग दाखवला गेला, तो सलग एका शॉटमध्ये चित्रित केलेला होता. कट नाही, मध्ये थांबून वाक्य आठवायची सोय नाही, एक जण चुकला तर सगळं पहिल्यापासून. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. असं काम रंगमंचावर तावूनसुलाखून निघालेल्यांच्या जिवावरच होतं.

गेल्या वर्ष-दीड वर्षात या मजकुराला एक शेपूट जोडलं गेलं आहे: साटम गेले. झालं होतं असं, की एप्रिल २०२५मध्ये मालिकेत प्रद्युम्नचा मृत्यू दाखवला आणि वाहिनीने ‘१९९८–२०२५’ असं लिहून पात्राला श्रद्धांजली वाहिली. लोकांनी ती माणसाला लावली. साटमांनी त्याच महिन्यात वयाची पंचाहत्तर वर्षं पूर्ण केली, आणि पुढे प्रद्युम्नही मालिकेत परतला. असं काही पाठवण्याआधी दोन मिनिटं थांबायला हवं होतं. त्या माणसाला घर आहे, नातेवाईक आहेत.

राहिली नायक होण्याची कुवत. २००४च्या ‘उत्तरायण’मध्ये नायक साटमच आहेत. निवृत्त, विधुर रघुवीर, आणि शाळेतली मैत्रीण दुर्गी उतारवयात पुन्हा भेटते; समोर नीना कुळकर्णी. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. तिथे गुन्हा नाही, इन्स्पेक्टर दया नाही, त्याचं दार तोडणं नाही. एक वयस्क माणूस मनातलं सांगायला शब्द शोधतो आहे, आणि आपण त्याच्यासाठी श्वास धरून बसतो. ज्याने तो मजकूर लिहिला, त्याने हा चित्रपट पाहिलेला नाही, एवढं मी खात्रीने सांगतो.