उसाचा काटा, सोन्याचा काटा आणि माझा गाईड कॅमेरा

मेन कॅमेरा आकाशाचा लांब एक्सपोजरचा फोटो घेत असतो तेव्हा ताऱ्यावर नजर ठेवून, दुर्बीण फिरवणारा माउंट नेमका चालवायला मदत करणारा छोटा कॅमेरा म्हणजे गाईड कॅमेरा. त्यावरच्या माझ्या लेखाला पुण्याहून एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. चार ओळीत उत्तर देऊन विषय संपवणार होतो, पण एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून सविस्तर लिहितोय.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : नवख्या माणसाला १२० मिमी फोकल लेंग्थच्या छोट्या गाईडस्कोपवर (गाईड कॅमेरा लावायच्या दुर्बिणीवर) एएसआय १२०एमएम मिनी हा गाईड कॅमेरा पुरेल असं सांगणं चूक आहे, त्यापेक्षा २९०एमएम मिनी घ्यावा, खरं तर ओएजीच (वेगळ्या गाईडस्कोपऐवजी मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश गाईड कॅमेऱ्याकडे वळवणारं उपकरण) लावावा, मी यूएसबी केबलबद्दल काही लिहिलं नाही, आणि "६.४५ आर्कसेकंद प्रति पिक्सेलने १.८५च्या मेन कॅमेऱ्याला गाईड करणं म्हणजे उसाच्या वजनकाट्यावर सोनं तोलणं. लेखकाने आधी थोडा अभ्यास करावा." (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. एका पिक्सेलमध्ये आकाशाचा केवढा तुकडा मावतो ते स्केल, आकडा लहान तेवढं बारीक.)

आधी चूक कबूल करतो. लेखात पिक्सेल ३.५७ मायक्रॉन लिहिला गेला, तो ३.७५ आहे. त्यामुळे स्केल ६.१४ आलं होतं, बरोबर आकडा ६.४५च. दुरुस्त केलंय, आभारी आहे. झालं?

आता उसाचा काटा. साहेब, कोल्हापुरात राहून ज्याच्या घरचा ऊस दर सीझनला काट्यावर जातो त्याला तुम्ही पुण्यात बसून काटा शिकवताय, याची मला मौज वाटली. मौज म्हणजे आधी राग आला, मग मौज. आमच्याकडे काटा किती मारतो हे शेतकऱ्याला पोटातून कळतं, त्याला आकडेमोड लागत नाही. पण तुम्हाला आकडेच आवडतात तर घ्या.

गाईड कॅमेऱ्यात तारा एका पिक्सेलवर टाचणीसारखा टोचलेला नसतो. तो चार-सहा पिक्सेलांवर पसरलेला असतो, आणि पीएचडी२ हे गाईडिंगचं सॉफ्टवेअर त्या सगळ्यांची प्रखरता बघून ठिपक्याचा मध्य काढतं. तो मध्य पिक्सेलच्या दहाव्या-पाचव्या भागापर्यंत सापडतो. म्हणजे माझे ६.४५ प्रत्यक्षात ०.६५ ते १.३ आर्कसेकंद झाले, तेही एकाच ताऱ्यावर. आता त्यातलं मल्टीस्टार चालू केलं की अनेक ताऱ्यांची सरासरी निघते आणि हवेच्या थरथरीमागे माउंट उगाच पळत नाही. मेन कॅमेऱ्याच्या साडेतीन पट स्केल आहे माझं, ते चालतं. तुमच्या २९०ने ते ४.९८ होईल. चांगलंच आहे, पण तेवढ्यासाठी नवख्या पोराने जास्तीचे पैसे का घालायचे, त्यात लेन्सवर दव बसू न देणारा ड्यू हीटर येतो की! आणि माउंटच डुगडुगत असेल तर कुठलाही कॅमेरा तुम्हाला फक्त डुगडुग जास्त बारीक दाखवणार.

अभ्यासाचं म्हणाल तर, १९९७ला हेल-बॉप धूमकेतू आला तेव्हा मी रंकाळ्याजवळच्या गच्चीवर शेजाऱ्यांच्या शिव्या खात उभा होतो. पुढे पन्हाळ्यावर रिळाच्या कॅमेऱ्याला १३५ची लेन्स लावून, क्रॉसहेअर आयपीसला डोळा चिकटवून हाताने गाईड केलंय, वीस-वीस मिनिटं, थंडीत, पाठ मोडून. तेव्हा सॉफ्टवेअर म्हणजे माझी दोन बोटं होती. आणि इथे ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम पावणेसतरा अंश, समोर एक टाकी आली की पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावणं) गेली, माउंट एवढा झोपवावा लागतो की काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला जाऊन भिडतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही. तुमचं पुणं दोनच अंशांनी वर आहे, म्हणजे तुम्हालाही हे माहीत असायला पाहिजे, पण तुम्ही बहुतेक बाल्कनीतून करत असाल. असो, हे जरा जास्त झालं, राहू दे लिहिलंय तर.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. यूएसबी केबल आखूड घ्या, लोंबू देऊ नका, संपला विषय. कलर कॅमेरा गाईडिंगला नको, मोनोच (कृष्णधवल) घ्या, हे मी लिहिलंच होतं, तुम्ही वाचलं नाही.

ओएजीची तर मला कधी गरजच पडली नाही. गेल्या वर्षी मसाई पठारावर एकदा गंमत झाली होती, गाईडिंगचा ग्राफ सरळ, आरएमएस (सरासरी चूक) ०.९ आर्कसेकंद, आणि पाच मिनिटांच्या प्रत्येक फोटोत तारे अंड्यासारखे, सगळे एकाच दिशेला. तीन रात्री डोकं फोडल्यावर कळलं की गाईडस्कोपचं ब्रॅकेट दुर्बिणीसोबत वळताना केसभर वाकतंय, म्हणजे गाईड कॅमेरा एकीकडे बघतोय आणि मेन कॅमेरा दुसरीकडे. मग उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या जाड रिंगा करून घेतल्या, त्याने "हे कशाला लागतंय?" विचारलं, "तोफेला" म्हणलं. आता तीन मिनिटांपर्यंत तारे गोल येतात. पाच मिनिटांना अजून थोडे ओढलेले दिसतात, पण मी पाच मिनिटं घेतच नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमचा जुना ओएजी नुसता पडून आहे. पुढच्या अमावस्येला मी मसाई पठारावर आहे, यायचं असेल तर या, कानटोपी आणा, वारं लई असतं. येताना तोही बॅगेत टाका, माझ्या ८० मिमीच्या दुर्बिणीला बसतो का बघू.