नोटिशीचं पाकीट फेकू नका

जीएसटीचा आदेश घेऊन कुणी दुकानदार आला की मी आधी पाकीट मागतो. बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं: "ते टाकून दिलं हो, आतला कागद आणलाय ना!" आतल्या कागदावर सहीची तारीख असते. तो कागद ऑफिसातून निघाला कधी, हे सांगतो पाकिटावरचा टपालाचा शिक्का आणि बारकोडखालचा स्पीड पोस्टचा नंबर.

अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून धरतात. जीएसटी कायद्याच्या कलम 107 प्रमाणे तीन महिने, सबळ कारण असेल तर वर एक महिना, बास. त्यानंतर अपील अधिकाऱ्याच्या मनात असलं तरी तो दाखल करून घेऊ शकत नाही. प्राप्तिकरात मुदत तीसच दिवसांची, पण तिथे उशीर माफ करायला अशी कुलूपबंद मर्यादा नाही. त्यामुळे जीएसटीत आठ-दहा दिवसांच्या फरकानेही धंदा गोत्यात येतो.

कलम 169 म्हणतं, स्पीड पोस्टाने पाठवलेलं पत्र टपालाला एरवी लागतात तेवढ्या दिवसांत पोचलं असं समजायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. आता हे उलट सिद्ध करणार कोण? दुकानदारच. आणि त्याच्या हातातला पुरावा गेला कचऱ्यात.

जीएसटीच्या सरकारी वेबसाइटचं, म्हणजे पोर्टलचं, तर आणखी अवघड. आदेश तिथे टाकला तरी तो बजावला असं कायदा मानतो. नोटीस भलत्याच टॅबखाली पडून राहिली आणि व्यापाऱ्याला पत्ताच नाही, अशी प्रकरणं मद्रास हायकोर्टापर्यंत गेली आहेत.

मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. नोटिशीचा ईमेल विभागाच्या सर्व्हरवरून कधी सुटला, याची नोंद विभागाकडे असते, करदात्याकडे नसते. 31 मार्च 2021 तारखेच्या प्राप्तिकराच्या कितीतरी नोटिसा प्रत्यक्षात 1 एप्रिलला किंवा नंतर निघाल्या होत्या. सुमन जीत अगरवाल प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने 2022 मध्ये स्पष्ट केलं की डिजिटल सही झाली म्हणजे नोटीस निघाली असं होत नाही, ती खरोखर पाठवावी लागते. मग प्रत्येक आदेशावरच पाठवल्याची तारीख आणि अपिलाचा शेवटचा दिवस का छापू नये? मुदत चुकली असं विभागाला म्हणायचं असेल, तर पोचही विभागानेच दाखवावी.

ते होईपर्यंत पाकीट आदेशालाच स्टेपल करा. टपालाच्या साइटवरचं ट्रॅकिंग त्याच आठवड्यात छापून ठेवा, जुनं झालं की ते तिथे दिसत नाही. ईमेल आला असेल तर डिलीट करू नका, आणि पोर्टलवर नोटिशींचे सगळे टॅब उघडून बघत जा.