परत कधी जाणार?

पुण्यात उतरलं की पहिल्या दोन दिवसांत हा प्रश्न किमान दहाजण विचारतात. काका, शेजारच्या काकू, सोसायटीचा वॉचमन, इस्त्रीवाला. उत्तर ठरलेलं असतं. कोथरूडच्या डेंटिस्ट मॅडमनी विचारलं तेव्हा मी खुर्चीत आडवा होतो, तोंडात आरसा, म्हणून बोटांनीच दाखवलं: आधी दहा, मग दोन. त्यांनी आरसा बाहेर काढला, मास्क खाली ओढला आणि म्हणाल्या, "बाराच दिवस? मग ऑनले करू नका असंच मी सांगेन."

मामला असा होता. मी आठ वर्षं श्टुटगार्टला राहतो. खालच्या उजव्या दाढेत सांगलीला दहावीत असताना चांदी भरली होती. त्या दाढेचा एक कोपरा मागच्या ऑक्टोबरात पावाच्या कडेवर तुटला. इकडचा पाव म्हणजे सुतारकाम असतं, चहात बुडवायच्या कामाचा नाही. दाढ दुखत नव्हती, नस जिवंत होती. श्टुटगार्टचे डॉक्टर म्हणाले की एवढ्या मोठ्या खड्ड्यात साधं फिलिंग टिकणार नाही आणि अख्ख्या कॅपची गरज नाही, मधला उपाय करू.

हा मधला उपाय आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नसतो. फिलिंग तोंडातच भरतात. इनले बाहेर घडवून आणतात आणि दाढेच्या उंचवट्यांमधल्या खड्ड्यात चिकटवतात, कोंदणात खडा बसवावा तसा. तोच तुकडा एखाद्या उंचवट्यावर चढून त्यालाही झाकत असेल तर तो ऑनले. फायदा असा की दात कमी जातो. पूर्ण कॅपसाठी दाढेच्या दिसणाऱ्या भागातला साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग घासून टाकावा लागतो, ऑनलेला त्याच्या निम्म्याच्या आसपास, इनलेला त्याहूनही कमी. घासलेला दात परत उगवत नाही. या लेखात पुढे जे पैशांचं येईल ते वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

तर पैसे. जर्मनीत सगळं फुकट असतं असा सांगलीत समज आहे. सरकारी पद्धतीच्या विम्यात डॉक्टर, इस्पितळ, साधं फिलिंग हे बहुतेक सगळं बसतं हे खरं. कॅपसाठी ठरावीक अनुदान मिळतं, आणि दहा वर्षं न चुकता वर्षातून एकदा दात दाखवून 'बोनसहेफ्ट' नावाच्या वहीत नोंद करून घेतली असेल तर ते नेमून दिलेल्या साध्या उपचाराच्या खर्चाच्या ६० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांपर्यंत वाढतं. इनले मात्र विम्याच्या लेखी फिलिंगच. साध्या फिलिंगला जेवढे लागले असते तेवढे विमा देणार, वरचे सगळे आपण, आणि तसा लेखी करार काम सुरू करायच्या आधी करायचा. माझ्या ऑनलेलाही हाच नियम लागला. कागदावर माझा वाटा ६१२ युरो होता. वहीतल्या माझ्या आठ वर्षांच्या शिक्क्यांचा इथे शून्य उपयोग. म्हणजे जास्त दात घासणाऱ्या कॅपला अनुदान आणि कमी घासणाऱ्या इनलेला जवळजवळ काहीच नाही. जर्मन लोक ज्या गोष्टींबद्दल स्वतःची पाठ थोपटतात त्यांत ही नसावी.

कागद घरी आणला, ६१२ ला ९० नं गुणलं आणि घरच्या ग्रुपवर टाकायची चूक केली. दाजींचा मेसेज दोन मिनिटांत: "डिसेंबरात येतोयस ना लग्नाला? इथे १५ हजारांत होईल. तुमच्या जर्मनीत आहे काय?" त्यावर पुण्याच्या आतेभावाचं उत्तर, की तुम्हा परदेशवाल्यांमुळेच इथले दर वाढलेत, डिसेंबर-जानेवारीत आम्हाला अपॉइंटमेंट मिळत नाही. मग कुणीतरी 'हील इन इंडिया'ची सरकारी जाहिरात टाकली, कुणीतरी खासगी इस्पितळांच्या लुटीची बातमी टाकली, आणि माझी दाढ बाजूला राहून भारत विरुद्ध युरोप सुरू झालं. ही मॅच आमच्या ग्रुपवर वर्षातून तीनदा तरी होते. इकडच्या मराठी मंडळात तीच उलट्या बाजूनं होते: "भारतात कसलं आलंय स्टँडर्ड" म्हणणारा माणूस जानेवारीत परततो तेव्हा त्याच्या तोंडात दोन नव्या कॅप असतात.

मीही त्यातलाच. तिकीट काढलेलंच होतं. चाळीस हजार वाचत होते.

आता त्या मॅडमचं म्हणणं सविस्तर सांगतो, कारण एवढं प्रामाणिक बोलणं मी दोन्ही देशांत क्वचित ऐकलंय. "ऑनले मला येतं, लॅब चांगली आहे, चार-पाच दिवसांत तुकडा येईल. पण तुमची नस जिवंत आहे. आत्ता चांदी काढणार, खाली थोडी कीड निघणार, मग नस चिडते. शांत होईल की नाही ते पंधरा दिवसांनी कळतं, कधी दोन महिन्यांनी. तेव्हा तुम्ही तिकडे. रात्री ठणकलं तर मला व्हॉट्सॲप कराल, मी काय करणार? म्हणून बाहेरून येणाऱ्यांना आम्ही बहुतेक वेळा रूट कॅनाल करून कॅप घालतो. नसच नाही तर दुखणार काय? पेशंट निर्धास्त जातो, आम्हीही निर्धास्त."

मी घरी येऊन यावर बराच विचार केला. एका चांगल्या दाढेची जिवंत नस काढायची, दोन तृतीयांश दात घासायचा, कशासाठी? दाढेला गरज आहे म्हणून नव्हे, माझी रजा संपते म्हणून. श्टुटगार्टच्या रिसेप्शनवर पहिला प्रश्न असतो विमा कोणता, पुण्यात परत कधी जाणार. तिकडे दाढ किती घासायची ते विम्याचं कोष्टक सुचवतं, पुण्यात माझं परतीचं तिकीट. ग्रुपवरच्या भांडणात यातलं काहीच नव्हतं. तिथे प्रश्न दोनच: कोण स्वस्त आणि कोण हुशार. हुशारीत पुणं कुठेही कमी नाही, हे मी तोंड उघडून पाहिलंय.

स्वस्ताईचं एक सांगतो. मी हट्ट धरला, ऑनलेच करा म्हटलं. १४ हजारांत ठरलं. कॅमेऱ्यानं दाढेचं माप घेतलं, तात्पुरतं सिमेंट भरलं. कुठलं मटेरियल विचारलं तर मॅडमनी डबी दाखवली: लिथियम डायसिलिकेटचा ठोकळा, जांभळट निळा. मशीन तो कोरतं, मग भट्टीत साडेआठशे अंशांच्या आसपास तापवला की त्याला दाताचा रंग येतो. डबीवर कंपनीचं गाव होतं शान, लिख्टेनश्टाइन. माझ्या घरापासून गाडीनं तीनेक तासांवर! दगड माझ्या शेजारून पुण्याला आला, तिथे कोरला गेला आणि माझ्या तोंडातून परत निघाला. म्हणजे स्वस्त काय आहे ते उघड आहे. दगड नाही, मशीन नाही. स्वस्त आहेत लॅबमध्ये बसणारी पोरं, आणि बीडीएस होऊन तीन-तीन क्लिनिकांत टक्केवारीवर फिरणाऱ्या मुली. देशात दंत महाविद्यालयं तीनशेच्या वर आहेत. लाखो रुपये फी भरून बाहेर पडलेल्या मुलांना आपण चांगल्या पगाराची कामं दिली नाहीत, त्याचा फायदा माझ्या दाढेला झाला. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "तू स्वस्तात करून पण घेतोस आणि वर रडतोस पण." खरंय.

आणि ते १४ हजार स्वस्त कुणाला? तासगावच्या मावशीची दाढ त्याच आठवड्यात दुखत होती. तिला कुणी इनले, ऑनले विचारलं नाही. सरकारी दवाखान्यात गेली, काढून आली. "सुटले बाई एकदाची," म्हणाली, आणि शेंगदाणे डाव्या बाजूनं खायला लागली. माझ्यासारखीच दाढ असेल कदाचित, वाचण्यासारखी. दात आहेत तर चणे नाहीत ही म्हण आपण गंमत म्हणून वापरतो. मावशीकडे दोन्ही होते, १४ हजार नव्हते. आपले आरोग्य विमेही बाह्यरुग्ण दंतोपचार बहुतांशी वगळतात. त्यामुळे 'भारतात दात स्वस्त' हे वाक्य बोलणारा माणूस बहुधा युरो किंवा डॉलरमध्ये कमावत असतो.

ऑनले दहाव्या दिवशी चिकटवलं. भूल दिलेली असते तेव्हा दात नीट टेकतोय की नाही ते आपल्याला कळत नाही. निळा कागद चाववून मॅडमनी घासून दिलं आणि बजावलं, "उद्या भूल उतरल्यावर पाच मिनिटं येऊन जा, चावा परत बघते." दुसऱ्या दिवशी आमचं ज्योतिबाला जायचं ठरलेलं. तिसऱ्या दिवशी आत्याकडे जेवण. मग बॅगा. मी गेलो नाही. दोष कुणाचा ते मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो: माझा.

श्टुटगार्टला उणे चार. स्टेशनपर्यंत चालताना तोंडानं श्वास घेतला की मेंदूपर्यंत सणक. चावताना तो एकच दात सगळ्यांच्या आधी टेकायचा, जणू तोंडात खडा घेऊन फिरतोय. दवाखाना नाताळच्या सुटीवर. सुटीनंतर गेलो तर डॉक्टरांनी आधी एक्स-रे मागितले. माझ्याकडे होती एक पावती, तिच्यावर 'डेंटल ट्रीटमेंट – १४,०००' एवढंच. कुठलं मटेरियल, कशानं चिकटवलं, खाली कीड किती खोल होती, काही नाही. मी मागितलं असतं तर मॅडमनी नक्की दिलं असतं, मागायचं सुचलं नाही. डॉक्टर चिडले नाहीत, पण हात लावायला कचरले. जर्मनीत विम्याच्या पेशंटच्या फिलिंगवर डॉक्टरला कायद्यानं दोन वर्षांची हमी द्यावी लागते. ते म्हणाले, "मी याला हात लावला की उद्या तुटलं तर ते माझं." मी जबाबदारी माझी म्हणून सही केली तेव्हा त्यांनी निळा कागद लावला, दोन ठिपके घासले. दोन मिनिटांचं काम. पुण्यात पाच मिनिटं मागितली होती.

नस शांत व्हायला मार्च उजाडला. मेली नाही, नशीब. ऑनले उत्तम बसलंय. इथल्या डॉक्टरांनी भिंगातून बघून "सुंदर काम" असं दोनदा म्हटलं. ते मी मॅडमना कळवलं.

माझ्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दात करायला हंगेरीतल्या शोप्रॉनला जातात, ऑस्ट्रियाच्या सीमेलगत. तिथेही स्वस्ताईच, शिवाय आधी मंजुरी घेतली तर युरोपीय संघात असल्यामुळे इथला विमा कॅपचं अनुदान तिकडेही देतो. पण त्यांच्यात आणि माझ्यात खरा फरक वेगळा आहे. दुखलं तर ते शुक्रवारी गाडी काढतात आणि त्याच डॉक्टरसमोर जाऊन बसतात. त्यांनी दात बाहेर केले असतील, डॉक्टर सोडलेला नाही.

इनले-ऑनलेचा शोध घेताना एक गोष्ट कळली. खुर्चीतच माप घेऊन, तिथेच कोरून, एका बैठकीत बसवलेला पहिला सिरॅमिक इनले १९८५ साली झुरिकच्या विद्यापीठात झाला. सेरेक नावाचं ते यंत्र. तेव्हापासून दोन फेऱ्यांची एक फेरी झाली, आणि रजेत दात करून घेणं आम्हाला शक्य वाटायला लागलं. दगड कोरायचा वेळ यंत्रानं वाचवला. नस चिडायला आणि निवायला जेवढे दिवस १९८५ च्या आधी लागत तेवढेच आजही लागतात, आणि त्या दिवसांत कुणीतरी आपला चावा पाहायला लागतं. पुण्यात राहणाऱ्या माणसाला ते १४ हजारांतच मिळतं, संध्याकाळी ऑफिसातून येताना. मला ६१२ युरोत मिळालं असतं. मी दोन्ही ठिकाणी ते सोडून मधले चाळीस हजार वाचवले. दात कोरून पोट भरत नाही हे आजी उगाच म्हणायची नाही.

याचा अर्थ कुणी जाऊच नये असा मी म्हणत नाही. दात साफ करा, कवळी करा, ज्यात नस नाही असं काहीही करा. जिवंत दाढेचं काम महिनाभर राहणार असाल तरच, आणि पहिल्या आठवड्यात. आमच्या आतेभावाची तक्रारही पूर्ण खोटी नाही: आम्ही डिसेंबरात येतो, सगळं दहा दिवसांत मागतो, आणि त्या घाईनं पुण्यातल्या क्लिनिकांना एकच एक उपाय सवयीचा होत जातो, रूट कॅनाल आणि कॅप. तो मग पुण्यात राहणाऱ्यालाही विकला जातो, ज्याला थांबायला वेळ होता.

डाव्या दाढेतही सांगलीचीच चांदी आहे. तिलाही आता चीर गेली आहे. गेल्या आठवड्यात मॅडमना फोटो पाठवला, यंदा येतोय म्हणून कळवलं. त्यांचं उत्तर आलं: "किती दिवस?" मी लिहिलं, सोळा. पाच मिनिटांनी परत मेसेज: "चहाला या. दाढ तिकडेच करा."