पाटील आजी कोणत्या?

गेल्या महिन्यात माझ्या आईला दुसऱ्या बाईची शुगरची गोळी दिली गेली. आईला शुगर नाही.

गोळी सकाळी नाष्ट्याआधी दिली. त्यावर आईनं उप्पीटाचे दोन घास खाल्ले. दहाच्या सुमारास मी पोचले तर तिला दरदरून घाम सुटलेला, हात थरथरत होते आणि ती माझ्याकडं अनोळखी माणसाकडं बघावं तशी बघत होती. तपासली तर साखर ५२. लगेच साखरेचं पाणी पाजलं, ती जरा सावरली, पण डॉक्टर म्हणाले अ‍ॅडमिट करा. ही गोळी ग्लिमेपिराइडची. शरीराला गरज असो वा नसो, ती इन्सुलिन सोडायला लावते आणि तिचा अंमल दिवसभर राहू शकतो, त्यामुळं वर आलेली साखर पुन्हा खाली जाते. २४ तास दर थोड्या वेळानं आईचं बोट टोचत होते.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. वॉकर धरून चालता येईपर्यंत सहा आठवडे फिजिओथेरपी, राहणं, जेवणखाण एकाच ठिकाणी व्हावं म्हणून तिला एका पुनर्वसन केंद्रात ठेवलं होतं. केंद्राचं नाव लिहीत नाही. आईसाठी जागा शोधताना कोल्हापुरातली आणखी दोन ठिकाणं मी पाहिली होती, तिथंही गोळ्या अशाच, बेड नंबर बघून वाटल्या जात होत्या.

झालं ते असं. त्या खोलीत दोन पाटील आजी. आदल्या संध्याकाळी आईला खिडकीजवळ झोपावंसं वाटलं, दुसऱ्या आजींनी हौसेनं आपली खाट दिली. गाद्या-उशा हलवायला मीच हात लावला. गोळ्यांच्या वहीत मात्र बेड नंबर जुनेच राहिले. रात्रपाळीला ब्युरोकडून, म्हणजे निगा राखणारी माणसं पुरवणाऱ्या संस्थेकडून आलेली मुलगी होती, तिचा तिसरा दिवस, बारा तासांची ड्यूटी आणि सांभाळायला बावीस माणसं. ती खिडकीजवळच्या खाटेपाशी आली आणि म्हणाली, "पाटील आजी, गोळी घ्या हं." आईचं कानाचं मशीन डबीत. तिनं मान हलवली, गोळी घेतली.

नंतर आईला विचारलं, तू बघितलं नाहीस का, तुझी गोळी वेगळ्या रंगाची असते. ती म्हणाली, "अगं, एवढ्या मायेनं दिल्यावर नगं कसं म्हणायचं? मला वाटलं आसंल माझीच."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला नावानं हाक मारत नाहीत. आजी, आण्णा, आक्का, मामा. मलाही ते आवडतं, माझ्या आईला कुणी पहिल्या नावानं हाक मारली तर मला खुपेल. पण घरात आजी एक असते आणि इथं एका मजल्यावर चौदा आहेत. दिवसभरात कुणाचंच नाव उच्चारलं जात नसेल, तर तिसऱ्या दिवशीच्या मुलीनं ते शिकायचं कुठून? मग तिच्यापाशी उरतो फक्त बेड नंबर. आणि खाट बदलता येते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्येच रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यातला एक नेमका याबद्दलचा आहे. औषध देताना, रक्त घेताना किमान दोन खुणांनी माणूस ओळखायचा आणि खोलीचा नंबर त्यात धरायचा नाही. मोठ्या हॉस्पिटलांत आता हातात पट्टी असते, नाव आणि जन्मतारीख विचारतात. विचारण्याचीही रीत आहे. "तुम्ही पाटील ना?" असं विचारलं की कमी ऐकू येणारं, भिडस्त किंवा विसरभोळं माणूस "हो" म्हणून मोकळं होतं. "तुमचं पूर्ण नाव काय?" असं विचारावं लागतं.

पण हा नियम आपल्या म्हाताऱ्यांना जसाच्या तसा लागू करायला गेलं तर दोन्ही खुणा लटक्या पडतात. आईच्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, तीच कितीजणांची जन्मतारीख झाली. शाळेत न गेलेल्यांच्या आधार कार्डावर १ जानेवारी. एका खोलीत तिघींचा वाढदिवस एकाच दिवशी असला तर त्या तारखेवरून ओळखणार कुणाला?

नावाचं तर आणखी अवघड. लग्नात बाईचं आडनाव बदललं, कित्येकींचं पहिलं नावसुद्धा बदललं. स्मृतिभ्रंशात अलीकडचं आधी पुसतं आणि जुनं टिकून राहतं. त्याच मजल्यावरच्या एक आजी नाव विचारलं की माहेरचं नाव सांगतात, पुढं गडहिंग्लजकडच्या आपल्या गावाचं नावही जोडतात. नवीन मुलगी म्हणाली, "ह्या काहीही बोलतात." अहो, त्या बरोबर सांगत होत्या! वहीत माहेरचं नाव लिहिलेलंच नव्हतं.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडं खरी खूण फोटोचीच. गोळ्यांच्या पानावर मोठा, स्पष्ट फोटो, खाली सासरचं-माहेरचं पूर्ण नाव, घरात काय म्हणतात ते, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, ऐकू येतं का. फोटो आधार कार्डावरचा नको. केंद्रात आल्यावर निगा राखायला सोपं म्हणून बायकांचे केस बारीक कापतात, दातांची कवळी काढून ठेवतात, वजन उतरतं. महिन्याभरात चेहरा वेगळा दिसतो. फोटो ताजा हवा आणि बदलत राहायला हवा. आणि तो वहीतच राहायला हवा. स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाऊनमधल्या म्हाताऱ्या बाईचा फोटो फिरणं मला अजिबात मान्य नाही.

केंद्राच्या मॅडमना मी हातातल्या पट्टीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, काहीजण इथं वर्षानुवर्षं राहतात, हे त्यांचं घर आहे. कैद्यासारखा पट्टा कशाला बांधायचा?" मला ते पटलं. थोड्या दिवसांसाठी आलेल्याला पट्टी चालेल, कायम राहणाऱ्यावर सक्ती नको. पण मग फोटोला पर्याय नाही, हे त्यांनीही मानलं.

कुणी सुचवेल रंगीत पट्ट्या लावा. त्याआधी एक गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एका नर्सनं रुग्णाच्या हातात पिवळी पट्टी बांधली. ती दुसऱ्या हॉस्पिटलमध्येही काम करायची आणि तिथं पिवळ्याचा अर्थ होता, या हातातून रक्त घेऊ नका. या हॉस्पिटलमध्ये अर्थ होता, हृदय थांबलं तर वाचवायचा प्रयत्न करू नका. हृदय खरंच थांबलं. वेळेत चूक लक्षात आली म्हणून तो माणूस वाचला. ही घटना २००५ ची. आपल्या ब्युरोच्या मुलीही सकाळी एकीकडं, रात्री दुसरीकडं असतात. रंगाचा अर्थ सगळीकडं एक होत नाही तोवर शब्दांत लिहिलेलंच बरं.

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर माणूस चुकलं की माइकवरून काय पुकारतात आठवा. नाव, गाव, अंगावर कसलं लुगडं, सोबत कोण. एवढ्या गर्दीत एका खुणेवर माणूस सापडत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या मुलीला कामावरून काढायला निघाले होते. मी नको म्हणून सांगितलं. ती माझ्यासमोर रडली. तिला वही चुकीची मिळाली होती, आणि खाट हलवणारी मी होते.

आता दुसऱ्या पाटील आजींबद्दल. त्यांची गोळी माझ्या आईच्या पोटात गेली, म्हणजे त्यांना ती मिळालीच नाही. आईच्या धावपळीत सगळे तिकडं, त्यांच्याकडं संध्याकाळपर्यंत कुणाचं लक्ष गेलं नाही. रात्री साखर मोजली तेव्हा ३४० निघाली. त्यांचा मुलगा पुण्यात, त्याला हे कुणी कळवलंही नव्हतं. मी फोन केला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ताई, आईचा अलीकडचा फोटो माझ्याकडं नाही."

येत्या रविवारी मी मोबाइल आणि कोरी पानं घेऊन केंद्रात जाणार आहे, मॅडमनी परवानगी दिली आहे. ज्यांची माणसं तिथं आहेत त्यांनी अकरापर्यंत या. येताना आईचं, आजीचं माहेरचं नाव घरातल्या थोरल्यांना विचारून या.